गवताचं मैदान: बुकिंग घड्याळावर की गवतावर?

उजवा_विंगर
आमच्याकडे पालिकेच्या फुटबॉल मैदानाचं बुकिंग तासावर चालतं. सकाळी सहापासून अंधार पडेपर्यंत, पैसे भरेल त्याला तास. डिसेंबरात हिरवंगार असतं. फेब्रुवारीत दोन्ही गोलसमोर टक्कल पडतं, एप्रिलमध्ये नुसता फुफाटा. मग पालिका दोन महिने मैदान बंद ठेवते आणि सगळेच बोंबलतात.

माझं म्हणणं सरळ आहे. तास किती रिकामे ते बघून बुकिंग देऊ नका, गवताला किती झेपेल ते बघून द्या. इंग्लंडमध्ये सार्वजनिक मैदानांचं नियोजन करताना मोठ्यांच्या सामन्यांचा आठवड्याचा हिशेब धरतात: चांगल्या गवतावर ३, मध्यमवर २, खराबवर १. आपल्याकडे निदान ४ ची मर्यादा घाला. सराव कडेच्या पट्ट्यात, आणि मैदान ओलं असेल तर कुलूप.

गल्लीतला_गोली
चार सामने? आमच्या वॉर्डात रविवारी सकाळीच चार संघ बूट बांधून उभे असतात. बाकीच्यांनी आठवडाभर काय करायचं, गवत बघत बसायचं?

आणि इंग्लंडचा आकडा इथे लावताच येत नाही. त्यांचा मोसम ऐन थंडीत असतो. तेव्हा गवत वाढत नाही आणि जमीन सतत ओली. आपल्याकडे हरळी आहे, ती उन्हात वाढते, आडवे धुमारे टाकत पसरते. पाणी आणि खत वेळेवर मिळालं तर मार्चमध्येही भरून येते. पालिका पाणी मारत नाही आणि तुम्ही पोरांचे सामने कापताय.

मर्यादा घातली की कोण बाहेर पडणार तेही सांगा. ज्यांना तासाला हजार-बाराशे मोजून टर्फ परवडतं ते तिकडे जातील. बाकीची पोरं रस्त्यावर.

लाल_माती
दोघंही भलत्यालाच धरताय. मैदानाची वाट फुटबॉलवाले लावत नाहीत, मांडववाले लावतात. मी दादरचा. शिवाजी पार्कात वर्षाला ४५ दिवस खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना मोकळीक आहे. गवत नाही म्हणून लाल माती उडते आणि आजूबाजूची घरं धुळीने भरतात, हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. लहान मैदानांवर तर कुणी दिवस मोजतही नाही. आमच्या सरावाच्या मैदानावर एका लग्नाच्या मांडवानंतर गोलच्या डाव्या खांबाजवळ वीतभर लांब लोखंडी खिळा निघाला, टोक वर करून. पोरं तिथेच डाइव्ह मारतात. आधी सभा, प्रदर्शनं, लग्नं आणि मालाचे ट्रक बंद करा, मग आमच्या तासांवर बोला.

हरळीवाला
मैदानं राखायचं काम करतो म्हणून लिहितो. ट्रकचं बरोबर आहे, पण फुटबॉलला सोडून देऊ नका. कोरड्या जमिनीवर सामना झाला तर पात्या तुटतात, मुळं शाबूत राहतात, आठ-दहा दिवसांत हरळी सावरते. ओल्या काळ्या मातीत बावीस जण दीड तास पळाले की मातीतली हवाच दाबून बाहेर जाते. मुळं गुदमरतात, वर पाणी साचतं, आणि सुकल्यावर तीच माती दगड होते. अशा जमिनीला नंतर भोकं पाडून वाळू भरावी लागते, तो खर्च कुणी धरतच नाही. ओल्या दिवसाचा एक सामना कोरड्या दिवसांच्या कितीतरी सामन्यांना भारी पडतो.

म्हणून आठवड्याला चार की सहा यावर भांडण्यात अर्थ नाही. कुठल्या दिवशी खेळला ते महत्त्वाचं. टाच रोवून बघा, भोवती पाणी वर आलं तर सामना नाही.

अजून एक. सामन्यापेक्षा सराव जास्त खातो. प्रशिक्षक वीस पोरांना त्याच गोलसमोर तासभर शूटिंग करायला लावतात. उचलून हलवता येणारे गोल ठेवा, दर आठवड्याला जागा बदला. निम्मं टक्कल तिथेच वाचेल.

चिखल्या
ओल्या दिवशी बंद म्हणजे मुंबईत जून ते सप्टेंबर बंदच की! अहो, आमचा फुटबॉल पावसातलाच. क्रिकेटवाले मैदान सोडतात तेच मुळी पावसाळ्यात, आणि तेही पूर्ण नाही, कांगा लीग १९४८ पासून पावसातच चालते. एरवी आझाद मैदानात पाय ठेवायला जागा मिळते का आम्हाला? चार महिने चिखलात खेळायला मिळतं तेवढंच. गवत मेलं तर मरू दे, पुढच्या पावसात येईल. हरळीच आहे ती, उपटून काढली तरी जात नाही.

तालमीचं_पोरगं
कोल्हापुरातनं बोलतोय. आमच्याकडं उलटं आहे. शाहू स्टेडियमवर मोसम थंडीत सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. स्पर्धा लागली की एका दिवसात दोन-दोन सामने. पाटाकडील-दिलबहार ह्या दोन तालमींच्या संघांचा सामना असला की गॅलरी भरून माणसं बाहेर. तिथं चार सामन्यांची मर्यादा सांगायला गेला तर विंगरसाहेब, तुम्हालाच मैदानाबाहेर काढतील! पण मोसम संपला की मैदानाला विश्रांती मिळते, तीही ऐन वाढीच्या दिवसांत. तेव्हा चिखल्याभावा, पावसात गवत आपोआप येतंय हे खरं, पण त्याच्यावर नाचलं नाही तर.

बजेट_बघा
सगळ्या कटकटीवर एकच उपाय, कृत्रिम टर्फ टाका. दिवसरात्र बुकिंग, पावसातही चालू. पैसेही वसूल.

हरळीवाला
वसूल कशाचे? आठ-दहा वर्षांत तो गालिचा बदलावा लागतो. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा. शिवाय पायाखाली रबराचा चुरा असतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये तसल्या प्लास्टिक-रबरी चुऱ्याच्या विक्रीवर बंदीचा नियम केला, आठ वर्षांच्या मुदतीने. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये कृत्रिम टर्फ होतं, २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी ते काढून गवत लावलं. जिथे रोज शाळेची तीनशे पोरं खेळतात तिथे टाका खुशाल, माझी हरकत नाही. पण असलेलं गवत उखडून नको.

उजवा_विंगर
हरळीवाले, पटलं. चारचा आकडा मी सोडतो, ओल्याचा नियम सोडत नाही. आणि त्याची ग्यानबाची मेख बुकिंगच्या पैशात आहे. पैसे भरले, पाऊस आला, रद्द केलं तर परत नाही, असा नियम असतो. मग संघ म्हणतो, पैसे गेलेतच, खेळून घ्या. पावसाने मैदान बंद झालं की पूर्ण पैसे परत किंवा पुढची तारीख, एवढा नियम केला तर निम्मे संघ स्वतःहून घरी जातील.

चिखल्या, तुमच्यासाठी दोनपैकी एक मैदान पावसात चिखलाला सोडून द्यावं. दुसरं राखावं.

चिखल्या
दोन मैदानं? कुठल्या शहरात राहता? आमच्या वॉर्डात एकच आहे आणि त्याच्या कोपऱ्यात पालिकेने पाइप टाकून ठेवलेत.

गल्लीतला_गोली
पैसे परत करायला माझा पाठिंबा. पण मैदान ओलं आहे हे ठरवणार कोण? माळी? सकाळी सहाला त्याने कुलूप लावलं की सव्वासहाला त्याला नगरसेवकाच्या माणसाचा फोन येणार, साहेबांच्या नावाने चषक आहे, उघड. तो बिचारा कंत्राटी, उघडणारच. आणि त्याच दिवशी आमच्या पोरांना सांगणार, मैदान ओलं आहे.

हरळीवाला
येतो फोन. मलाही आलेत. म्हणूनच आदल्या संध्याकाळी टाच रोवल्याचा फोटो बुकिंग केलेल्या सगळ्या संघांना पाठवायचा, चषकवाल्यांनाही. एकदा बंद म्हटलं की सगळ्यांना बंद. त्यातूनही कुणी उघडायला लावलं तर मैदान दुरुस्तीचं बिल त्या चषकाच्या नावाने फाडायचं.

गल्लीतला_गोली
बिल फाडाल हो, भरणार कोण?