मदत हवी आहे: चुकीच्या जागी बसणारच नाही असा कनेक्टर (गणपतीआधी!)

देखावेवाला
तातडीचं आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. लालबागला हलत्या देखाव्यांची कामं करतो. यंदा सगळं कनेक्टरवर केलं, म्हणजे मंडपात जोडणी झटपट होईल, पोरांना वायरी सोलत बसायला नको. काल परळला एका मंडपात ट्रायल होती. मी चहाला गेलो आणि कार्यकर्त्यांनी हौसेने सगळं जोडून टाकलं. परत आलो तर जळका वास. दोन कंट्रोलर गेले, प्रभावळीतली अख्खी माळ गेली. पोरं म्हणतात, "दादा, बसलं की बरोबर, आटेपण फिरले!"

एवढंच सांगा: एकाच्या जागी दुसरा बसणारच नाही असे कनेक्टर मुंबईत कुठे मिळतील? ४० जोड हवेत. लॅमिंग्टन रोडला दोन दुकानांत विचारलं, दोघांनी तोच माल पुढे केला. गणपती १९ दिवसांवर आलेत. "आधी मूलभूत अभ्यास करा" छापाची उत्तरं कृपया नकोत.

शॉर्टसर्किट
कोणता कनेक्टर? किती पिना? किती व्होल्ट, किती अँपिअर? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

देखावेवाला
नेहमीचाच हो. गोल, धातूचा, आट्यांचा, चार पिनांचा.

शॉर्टसर्किट
पॅनेलला १६ मिमीचं भोक पाडलंत का? मग तो जीएक्स-१६. आणि व्होल्टेज?

देखावेवाला
हो, तोच. १२ आणि २४. लाइटला १२, मोटारींना २४.

निवृत्त_वायरमन
एवढा काथ्याकूट कशाला? रंगीत टेप लावा. १२ ला पिवळी, २४ ला लाल. लालला लाल, पिवळीला पिवळी. ३४ वर्षं नोकरी केली, याच्यापलीकडे काही लागलं नाही.

मीठभाकर
काका, रात्री अडीच वाजता हॅलोजनच्या उजेडात पिवळी आणि पांढरी टेप ओळखून दाखवा. आणि मंडपात हाताला लागेल त्या वायरीला भगवी टेप गुंडाळलेली असते, ती वेगळीच.

निवृत्त_वायरमन
आमच्या वेळी माणसं डोळे उघडे ठेवून काम करायची.

शॉर्टसर्किट
धागाकर्ते, तुमचं घोडं इथे अडलंय. जीएक्स-१६ ला जी खाच असते ती प्लग फिरवून उलटा बसू नये यासाठी असते. चार पिनांच्या सगळ्या जीएक्स-१६ ला ती एकाच जागी. त्यामुळे १२ चा प्लग २४ च्या सॉकेटात राजरोस जाणारच. पोरांचं काही चुकलेलं नाही, आटे फिरलेच असणार.

घरातलं उदाहरण घ्या. आपला १६ अँपिअरचा तीन पिनी प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटात जात नाही, कारण पिना जाड आणि अंतर जास्त. तिथे कोणी पाटी वाचत नाही, हातच अडतो. तुम्हाला तसं काहीतरी हवंय. सगळ्यात स्वस्त उपाय: १२ ला तीन पिनांचा जीएक्स-१६, २४ ला पाच पिनांचा. पिनांची मांडणी वेगळी असल्याने एकमेकांत बसत नाहीत. भोक तेच १६ मिमीचं, पॅनेल परत कापायला नको.

जुना_पीसीवाला
"बसत नाहीत" हे जरा जपून म्हणा. माझा मदरबोर्ड असाच गेला. प्रोसेसरचा आठ पिनी आणि ग्राफिक्स कार्डचा आठ पिनी, दिसायला सख्खे भाऊ. काही घरं चौकोनी, काहींचे कोपरे तासलेले, त्यामुळे एक दुसऱ्यात जायला नको. पण प्लास्टिकच ते, जोर लावला की जातं. आणि दोघांची धन-ऋण बाजू बरोब्बर उलटी! ठिणगी आली आणि सहा महिन्यांचा पगार गेला.

अर्धवट_अभियंता
वरच्या प्रतिसादाशी १००% सहमत, आणि एक भारी किस्सा. २ जुलै २०१३, बैकोनूर. रशियाचं प्रोटॉन-एम रॉकेट तीन ग्लोनास (रशियाची जीपीएससारखी यंत्रणा) उपग्रह घेऊन उडालं आणि काही सेकंदांत उलटं होऊन कोसळलं. चौकशीत निघालं की कोनीय वेग मोजणारे तीन सेन्सर उलटे बसवले होते. त्यांच्यावर बाण होता, उलटे बसू नयेत म्हणून तळपट्टीला खुंट्याही होत्या. तरी जोर लावून बसवले, तशा खुणा सापडल्या.

चूक करताच येणार नाही अशी रचना करायची, या विचाराला जपानमध्ये पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगो यांनी टोयोटात हे रुजवलं. आधीचं नाव होतं बाका-योके, म्हणजे "मूर्खापासून बचाव". कामगारांचा अपमान होतो म्हणून बदललं. मला वाटतं आपल्याकडेही कारखान्यांत

मीठभाकर
अहो, त्यांचा गणपती १९ दिवसांवर आलाय आणि तुम्ही बैकोनूरला निघालात. वाक्य तरी पूर्ण करा.

भूलतज्ज्ञ
क्षेत्र वेगळं आहे, पण राहवत नाही. आमच्या भूल देण्याच्या यंत्रावर सिलिंडर लागतात, त्यांच्या तोंडाला दोन भोकं असतात आणि यंत्राच्या जोखडावर दोन खुंट्या. ऑक्सिजनला २ आणि ५ क्रमांकाच्या जागा, नायट्रस ऑक्साइडला ३ आणि ५. नायट्रसचं सिलिंडर ऑक्सिजनच्या जागी टेकतच नाही. रंगही वेगळे, पण रंगावर विसंबून आम्ही कोणाला झोपवत नाही.

तरी यालाही पळवाट आहेच. एकावर एक दोन वॉशर बसवले किंवा खुंटी तुटली, की चुकीचं सिलिंडरही लागू शकतं. म्हणून नवा मुलगा आला की आधी त्याला खुंट्यांवरून बोट फिरवायला लावतो.

अमेरिकेत तर लहान बाळांच्या छातीला लावायच्या मॉनिटरच्या तारांची टोकं उघड्या पिनांची असायची आणि ती सरळ भिंतीतल्या सॉकेटात जायची. मुलं दगावली, तेव्हा १९९७ मध्ये तशा तारांविरुद्ध नियम आला.

देखावेवाला
डॉक्टर, माहिती छान, आभार. पण मला दुकान सांगा ना कोणीतरी!! आणि ३ पिनांचं जमेल, पण मोटारीला पाच कशाला? तिला दोनच वायरी.

एकच_व्होल्टेज
मुळात १२ आणि २४ असे दोन ठेवलेतच कशाला? सगळीकडे २४ च न्या. लाइटच्या मूर्तीत आतच बक कन्व्हर्टर बसवा, २४ चे १२ करणारा. एलएम२५९६ चं मॉड्यूल ४० व्होल्टपर्यंत घेतं, लॅमिंग्टन रोडला दुकानोदुकानी मिळतं. मग कुठलाही प्लग कुठेही लावा. चुकीचं लागलं तर काही जळत नाही, फक्त चालत नाही. कनेक्टर बदलायचे लाड हवेत कशाला?

शॉर्टसर्किट
अर्धसत्य. लाइटला प्लस, मायनस आणि डेटा अशा तीन वायरी असणार. मोटारीच्या प्लगमध्ये ज्या पिनेवर २४ आहे, तीच लाइटच्या प्लगमध्ये डेटाची असली तर काय होईल? तुमचा बक कन्व्हर्टर शाबूत, पुढचा चिप खलास.

एकच_व्होल्टेज
मग पिनांची वाटणी एकसारखी ठेवा. पिन १ कायम मायनस, पिन ४ कायम २४, डेटा फक्त २ वर, आणि मोटारीच्या प्लगमध्ये २ मोकळी. यात अवघड काय आहे?

शॉर्टसर्किट
हे आधी लिहायला हवं होतं. हे पटलं. तरी १९ दिवसांत किती मूर्ती उघडणार? साच्यात बंद झालेल्यांचं काय?

एकच_व्होल्टेज
आणि ४० प्लग परत सोल्डर करणं म्हणजे काय चुटकीसरशी होतं का?

बंदरावरचा
भांडू नका. चौथी पिन कुणीच वापरत नसेल तर कापायची युक्ती करा. जुन्या हार्डडिस्कच्या ४० पिनी केबलला असंच असायचं, २० नंबरची पिन काढलेली आणि प्लगमधलं ते भोक बुजवलेलं. तसंच १२ च्या सॉकेटातली एक पिन मुळापासून कापा, समोरच्या प्लगातलं तेच भोक इपॉक्सीने बुजवा. २४ साठी वेगळी पिन, वेगळं भोक. एका संध्याकाळचं काम. नवी खरेदी शून्य.

शॉर्टसर्किट
ही जुगाडी युक्ती आवडली. फक्त तीन वायरी असतील तरच.

बाय द वे, अजून कोणी विचारलं नाही म्हणून विचारतो: मोटारी २४ च्या डीसी गिअर मोटारी ना? सगळ्या?

देखावेवाला
मोठ्या २४ च्या. छोट्या, उंदराच्या मानेच्या आणि कारंज्याच्या, त्या सिंक्रोनस आहेत. घरच्या लाइटवरच्या. त्यात चुकायचा प्रश्न नाही, त्या वेगळ्या बॉक्सवर आहेत.

शॉर्टसर्किट
थांबा. "घरच्या लाइटवरच्या" म्हणजे २३० व्होल्ट. आणि कनेक्टर?

देखावेवाला
तोच. चार पिनांचा. ठोकमध्ये एकच प्रकार घेतला म्हणून स्वस्त पडला.

मीठभाकर
😶

निवृत्त_वायरमन
अरे देवा. टेप विसरा. आधी तो बॉक्स बंद करा.

शॉर्टसर्किट
दादा, हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. कंट्रोलर जळणं ही किरकोळ गोष्ट झाली. तुमच्या पॅनेलवरच्या सॉकेटात पिना आहेत की भोकं?

देखावेवाला
पॅनेलवर पिना. केबलच्या प्लगात भोकं. तसाच सेट येतो.

शॉर्टसर्किट
म्हणजे प्लग काढला की २३० च्या उघड्या पिना बॉक्सच्या तोंडावर, धातूच्या कड्याच्या आत. कार्यकर्त्याचं बोट, ओला हात, पावसाळी मंडप. आणि अर्थिंग कुठे जोडलंय तेही तुम्ही लिहिलेलं नाही. नियम साधा आहे: वीज येते त्या बाजूला भोकं, वीज घेते त्या बाजूला पिना. घरच्या भिंतीत कधी पिना बाहेर आलेल्या पाहिल्यात?

आजच्या आज २३० त्या कनेक्टरमधून काढा. १२-२४ चं उद्या बघू.

भूलतज्ज्ञ
+१. मीही हेच लिहायला आलो होतो.

बंदरावरचा
२३० ला औद्योगिक निळे प्लग घ्या, १६ अँपिअर, तीन पिनी. आमच्याकडे गोदीत हेच. खाच कायम खाली, सहाच्या काट्यावर. अर्थची पिन मात्र व्होल्टेजप्रमाणे घड्याळाच्या वेगवेगळ्या आकड्यावर. २३० ला सहावर, ११० च्या पिवळ्याला चारवर. अर्थची पिन बाकीच्यांपेक्षा जाडही असते. निळा प्लग पिवळ्यात जन्मात जाणार नाही, आणि जीएक्स-१६ मध्ये जायचा तर प्रश्नच नाही, मुठीएवढा असतो. लॅमिंग्टन रोडला नका शोधू, लोहार चाळीत जा.

एकच_व्होल्टेज
चार वॅटच्या मोटारीला १६ अँपिअरचा प्लग? तोफेने मच्छर मारणं झालं. घरचा साधा ६ अँपिअर तीन पिनी पुरेल.

बंदरावरचा
पुरेल. पण मंडपात साधं सॉकेट मोकळं दिसलं की पाच मिनिटांत कोणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लागतो. मग चार्जर लावायला उंदराची मान कोण काढणार नाही? निळ्यात चार्जर जात नाही.

मीठभाकर
हा मुद्दा बिनतोड आहे. आमच्या मंडळात आरतीच्या मध्यात कारंजं बंद पडलं होतं, कारण हेच.

निवृत्त_वायरमन
आणि मीटरनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच लाइन तोडणारा स्विच) आहे का ते मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. नुसतं विचारू नका, टेस्टचं बटण तुमच्यासमोर दाबायला लावा.

अर्धवट_अभियंता
अवांतर: किटलीच्या केबलचं कोणी पाहिलंय का? दिसायला संगणकाच्या केबलसारखीच, पण पोटाला एक खाच. ती केबल संगणकाला चालते, संगणकाची मात्र किटलीला जात नाही, कारण ती तेवढ्या उष्णतेसाठी बनलेलीच नसते. एकाच दिशेने चालणारी बंदी! मला ही कल्पना फार

मीठभाकर
वाक्य!

गिरगावकर७
मंडप परळला नक्की कुठे आहे? दर्शनाला यायचं आहे, रांग किती असते?

देखावेवाला
रांगेचं नंतर सांगतो. २३० चा बॉक्स काल रात्रीच बंद केला, प्लग काढून आतून वायर सोडवली. खरं सांगायचं तर तेव्हा पहिल्यांदा त्या पिनांकडे नीट पाहिलं. कडं काढलं की पिना सरळ बोटासमोर. आठ वर्षांचा पुतण्या दिवसभर कारखान्यात असतो.

१२-२४ चं असं ठरवलंय: साच्यात बंद झालेल्या मूर्तींना बंदरावरच्यांची पिन कापायची युक्ती. बाकी उघड्या आहेत त्यांना तीन पिनी आणि पाच पिनी. पाचात दोनच वापरणार, शॉर्टसर्किटभाऊ. बक कन्व्हर्टर पुढच्या वर्षी.

शॉर्टसर्किट
कापल्यावर प्रत्येक चुकीची जोडी स्वतः लावून बघा. १२ चा २४ मध्ये, २४ चा १२ मध्ये. वीज बंद ठेवून, पोरांना सांगा की पूर्ण जोर लावा. ते जितका लावतील तितका तुम्हाला लावता येणार नाही.

देखावेवाला
लोहार चाळीत उभा आहे. निळे १२ जोड मिळाले. दुकानदार विचारतोय पॅनेलचं सॉकेट सरळ हवं की तिरकं? लवकर सांगा, मागे गिऱ्हाईक आहे.

बंदरावरचा
तिरकं. केबल खाली लोंबते, मुळाशी मोडत नाही. झाकणाची स्प्रिंग दाबून बघून घ्या.

निवृत्त_वायरमन
आणि आलातच आहात तर टेप घेऊन जा.