आदर्श समाजातही पहारा का लागतो?

वाचनवेडा: टॉमस मोरचं 'युटोपिया' (१५१६), म्हणजे एका काल्पनिक आदर्श बेटाचं वर्णन, नुकतंच संपवलं, तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. खाजगी मालमत्ता नाही, दिवसाला ६ तास काम, सोन्याला इतकी कमी किंमत की त्याची शौचाची भांडी करतात, इथपर्यंत वाचताना खूप भारी वाटतं. पण दारांना कुलूप नाही, नुसतं ढकललं की उघडतं आणि कुणीही आत शिरावं, दर १० वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची, दुसऱ्या गावाला जायचं तर परवानगीचं पत्र पाहिजे आणि पत्राशिवाय दुसऱ्यांदा सापडला तर थेट गुलामी! मग डिस्टोपियात, म्हणजे भयाण समाजाच्या गोष्टीत, वेगळं काय असतं?

रात्रपाळी: गोष्ट कोण सांगतंय त्यावर आहे सगळं. मोरचं बेट आपल्याला तिथे राहून परत आलेला प्रवासी दाखवतो. रशियन लेखक झाम्यातिनच्या 'आम्ही' या कादंबरीत (१९२०-२१ ला लिहिलेली, त्याच्या स्वतःच्या देशात छापायला १९८८ उजाडलं) त्या राज्याच्या आतलाच माणूस लिहितो, त्याला नावही नाही, डी-५०३ एवढंच. सगळ्यांची घरं काचेची, आणि पडदा कधी खाली सोडायचा तर जोडीदाराबरोबरच्या शरीरसंबंधासाठी मिळणारं गुलाबी कुपन असेल तेव्हाच. तो पडदा मला विसरता येत नाही, कारण त्या माणसाला सुरुवातीला यात काही वावगं वाटतच नाही हो.

धुकं: पहारा सरकारचाच असतो असं नाही. अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विनच्या 'द डिस्पझेस्ड' कादंबरीतल्या (१९७४) समाजात सरकारच नाही, कायदे नाहीत, तुरुंग नाहीत. तरी ८ वर्षांचा शेवेक वर्गात स्वतःला सुचलेलं दगडाचं कोडं सांगायला लागतो, की फेकलेला दगड झाडाला लागणारच नाही कारण दर वेळी उरलेल्याचं निम्मं अंतर बाकी राहतं, तर शिक्षक म्हणतात तू फक्त स्वतःचं मिरवतोयस आणि त्याला गटातून बाहेर काढतात. पोराचं चुकलं काय? पुढे मोठेपणी तो दुसऱ्या ग्रहावर निघतो तेव्हा लोक जमून दगड मारतात. लोकांची नाराजी एवढीच तिथली सत्ता, आणि तिच्याविरुद्ध दाद कुणाकडे मागणार? मला ऑर्वेलच्या '१९८४'मधल्या, घराघरात नजर ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनपेक्षा याची जास्त भीती वाटते.

वाचनवेडा: रात्रपाळी, तुमचा मुद्दा पटला. मोरच्या बेटावर गुलामांच्या बेड्याही सोन्याच्याच आहेत, आणि हे सगळं आपण त्या प्रवाशाकडून ऐकतो. बेडी घातलेल्या एखाद्याने ते बेट सांगितलं असतं तर? अशा नजरेतून कुणी लिहिलं असेल तर सुचवा प्लीज.