एल्क लेक : इटास्काच्या शेजारचं नाव
अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ज्या तळ्यातून मिसिसिपी नदी उगम पावते, ते इटास्का. हा शब्द मूळ ओजिब्वे या तिथल्या आदिवासी लोकांच्या भाषेतला असावा, असं म्हटलं जातं. तसं नाही. १८३२ मध्ये हेन्री स्कूलक्राफ्ट या अमेरिकी शोधप्रवाशानं लॅटिनमधल्या 'वेरिटास कापुट' या शब्दांची मधली अक्षरं उचलून ते नाव घडवलं. त्याला तिथवर नेणारा वाटाड्या ओझाविंडिब मात्र ओजिब्वेच होता, आणि त्याच्या लोकांत या तळ्याला एल्क हरणांचं तळं म्हणत. फ्रेंच व्यापाऱ्यांचं 'लाक ला बिश' हे नावही हरणावरूनच आलेलं.

मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. इटास्काच्या दक्षिणेला लागूनच एक लहान तळं आहे, त्याचं पाणी छोट्या ओढ्यातून इटास्कात उतरतं. सरकारी मोजणीत हे जुनं नाव त्याला दिलं गेलं, एल्क लेक. १८८१ मध्ये विलर्ड ग्लेझियर हा अमेरिकी प्रवासी-लेखक तिथे पोचला, मिसिसिपीचा खरा उगम हाच म्हणाला आणि तळ्याला स्वतःचं नाव लावून मोकळा झाला! काही नकाशांतही ते छापलं गेलं. मिनेसोटात संताप उसळला, जेकब ब्राउअर या सर्वेक्षकानं १८८९ मध्ये सगळ्या परिसराची बारकाईनं मोजणी केली आणि ग्लेझियरचा दावा मोडीत निघाला. एल्क लेक हे नाव टिकलं, याचा मला मनापासून आनंद आहे.