भिंतीवर कंपनीच्या मूल्यांचे बोर्ड आहेत, तरी माणसं टिकत नाहीत. एचआरने काय करावं?

चाकणकर: कारखान्यात २०० माणसं, निम्मी कंत्राटी. नवे लोक तीन महिन्यांत सोडून जातात. सुरुवात कुठून करावी?

हिंजवडीवाला: सुपरवायझरपासून. नव्या माणसाला कंपनी दिसते ती त्याच्यातूनच. गेटपास, मापाचे सेफ्टी शूज, लॉकर, बसचा थांबा हे आदल्या दिवशीच तयार हवं. पहिला दिवस गेटवर ताटकळण्यात गेला की मन तिथेच उतरतं. पुढे ७व्या, ३०व्या आणि ६०व्या दिवशी पंधरा मिनिटं बोला, सुपरवायझर समोर नसताना. ‘कसं चाललंय?’ विचारलंत तर ‘बरंय’ एवढंच येईल. ‘काल कुठे अडकलात, कुणाला विचारलंत?’ असं विचारा. आणि तक्रारीला आठवड्यात उत्तर द्या, नकार असला तरी कारणासकट.

भोसरीकर: कॅन्टीनमध्ये कंत्राटींची रांग वेगळी आहे का? असेल तर आधी ती मोडा, कृपया. त्यांचा पगार ७ तारखेच्या आत होतो का, तेही दर महिन्याला बघा. ठेकेदाराने थकवला तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

चाकणकर: उत्पादन चांगलं देणारा सुपरवायझरच शिवीगाळ करत असेल तर?

हिंजवडीवाला: त्याची बढती रोखा. त्याला बढती मिळाली की बाकीचे तेच शिकतात. मूल्यमापनात त्याच्या लाइनवरून किती माणसं सोडून गेली तेही धरा.

कोथरूडकर: कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याची अंतर्गत समितीही तपासा, तक्रारी तिच्याकडेच जातात. दहा कर्मचारी असले की ती सक्तीची. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. समितीच्या बोर्डावर नोकरी सोडून गेलेल्या सदस्यांची नावं तशीच राहतात, मग बाईने जायचं कुणाकडे?