ॲपवरून सुरू होणारा स्टार्टर बसवला, आता बॅटरी सारखी डाऊन

साखळीकर
भाऊ बोटीवर असतो, त्याची ऑटोमॅटिक हॅचबॅक महिनोन्‌महिने दारातच उभी. त्याने बाहेरून सिमकार्डवाला रिमोट स्टार्टर बसवून घेतलाय, ॲपवरून गाडी सुरू होते, एसी पण लागतो. पण दोन-तीन आठवडे गाडी हलली नाही की सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक. दुकानवाला म्हणतो बॅटरी बदला, पण 45 एएचची (ॲम्पियर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) आहे नि जुनी पण नाही हो. मी अधूनमधून ॲपवरून 10 मिनिटं चालू ठेवतो, तरी तीच गत. काय करू?

वायरिंगवाला_फोंडा
बॅटरी राहू दे बाब, आधी गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातो तो मोज. ते यंत्र तुझ्या फोनच्या आदेशाची वाट बघत 24 तास जागं असतं. नुसते 50 मिलिॲम्पियर धरले तरी दिवसाला 1.2 एएच, महिन्याला 36, मग 45 मध्ये उरलं काय?
निगेटिव्हची केबल काढ, मल्टीमीटर 10 ॲम्पियरवर ठेवून केबल आणि टर्मिनलच्या मधे लाव, गाडी लॉक कर आणि अर्धा तास हात लावू नको, सगळं झोपेपर्यंत आकडा मोठाच दिसतो. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, ॲपवरून तर नाहीच नाही, मीटरचा फ्यूज उडेल. मग त्या रिमोट स्टार्टरचा फ्यूज काढून परत बघ.

वाळपईची_पोर
दादा रेंज कशी आहे तिथे? आमच्याकडे सत्तरी तालुक्यात आत गेलं की एकच कांडी, मग स्टार्टरमधला सिमवाला मोडेम टॉवर शोधत बसतो आणि जास्त करंट खातो. ॲपमध्ये लोकेशन किती वेळाने पाठवायचं ते सेटिंग असेल तर मिनिटाचं तासावर न्या. स्लीप मोड असला तर तोही लावा.

साखळीकर
मोजलं. लॉक करून अर्ध्या तासाने 95 मिलिॲम्पियर, फ्यूज काढल्यावर 22!!

वायरिंगवाला_फोंडा
मग झालं की. 95 म्हणजे दिवसाला जवळजवळ सव्वादोन एएच, वीस दिवसांत भरलेली बॅटरी खलास. 22 हे गाडीचं स्वतःचं, अलार्म वगैरे, ते चालतं. आणि ते 10 मिनिटांचं विसर, गाडी उभीच ठेवून नुसत्या चालू इंजिनावर एसी लावलास तर अल्टरनेटरने (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो) बनवलेलं बरंचसं ब्लोअर नि फॅनच खातात, बॅटरीला उरतं थोडंच. अशी पुन्हापुन्हा तळाला गेली की नवी बॅटरी पण मरते, प्लेटींवर सल्फेट धरतं.

म्हापशेकर
दारात प्लग असेल तर ऑटोमॅटिक मेंटेनर चार्जर लावून ठेवा, भरली की तोच करंट कमी करतो. नाहीतर भाऊ बोटीवर गेला की फ्यूजच काढून ठेवा, तिकडे समुद्रात बसून तो एसी कोणासाठी लावणार? आणि बंद गॅरेजमध्ये ॲपवरून सुरू करू नका हां, धूर घरात येतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.

साखळीकर
भावाला व्हॉट्सॲप टाकला, म्हणतो फ्यूज काढू नको, मी बोटीवरून गाडीचं लोकेशन बघतो 😂 मेंटेनरच बघतो मग.