चोर्ल्याला लोड घेऊन ३४-२८ पुरतो म्हणे!

खानापूरकर: परवा इथं एकानं लिहिलं, पायात दम असेल तर पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्याला २८ दाते असले तर सायकलनं सामानासकट चोर्ला घाट चढता येतो, त्याहून हलका गिअर कच्च्या गड्यांसाठी. वाचून झोप उडाली, कारण नवीन पोरं हेच ऐकून गुडघे घालवतात. जांबोटी-कणकुंबी करत गोव्यात उतरताना कुठलाही गिअर चालतो. परतीला केरीतून वर या, मागं २० किलो लादून! ३४-२८ ला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर सरकते, २२-३४ ला १.४ मीटरसुद्धा नाही. मिनिटाला ६० फेरे धरा, ताशी पाचेक किमी. हळू आहे, पण पाय फिरत राहतात.

टिळकवाडी: ते मीच लिहिलं होतं. ताशी पाचनं जायचं तर उतरून ढकला की. मी तीनदा चढलोय, सामान १० किलो. चूक तुमच्या २० किलोची आहे. स्टोव्ह, पातेलं, तांदूळ कशाला? वाटेत हॉटेलं आहेत.

निपाणीकर: ढकलणं सोपं वाटलं होय? पॅनिअर (चाकाशेजारी लटकणारी सामानाची पिशवी) पोटरीला घासतं, क्लीटचे (पायडलला अडकणारे) बूट डांबरावर सटकतात. एकदा ढकलून बघा, मग बोला.

चंदगडची: आणि स्टोव्हला नावं ठेवू नका. जुलैत आंबोलीच्या अलीकडं रात्र झाली, टपऱ्या बंद. बोटं इतकी गारठली की ब्रेक ओढेना. बंद टपरीच्या पत्र्याखाली पेज शिजवली, डबा दोन्ही हातांत धरून बसले, तेव्हा कुठं बोटं वळली. तेवढ्या ओझ्यासाठी हलका गिअर लावेन, पण स्टोव्ह सोडणार नाही.

टिळकवाडी: ताई, जुलैत आंबोलीला रात्री जायचंच कशाला?

चंदगडची: माझं माहेर तिकडंच आहे. तुम्ही ठरवणार का मी कधी जायचं?

शहापूरचा: भांडण पुरे, गिअरचं बोला. नुसती मोठी कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) घालून भागत नाही. पुढं ४८-३८-२८ दात्यांच्या क्रँकला मागं ११-३४ लावली तर पुढचा फरक २०, मागचा २३, म्हणजे ४३ दात्यांच्या फरकानं सैल होणारी चेन ओढून धरणारा लांब पिंजऱ्याचा डेरेल्युअर (चेन या चक्रावरून त्या चक्रावर नेणारा भाग) पाहिजे. माझ्या दुकानदारानं "बसतंय" म्हणत जुनीच चेन ठेवली. पुढच्या आणि मागच्या मोठ्या चक्रांवर एकदम चढल्यावर ती तोकडी पडली आणि हँगर (डेरेल्युअर जिथं टांगतात ती पट्टी) वाकला, तोही घाटात.

टिळकवाडी: हे मान्य. २० किलोला ३४-२८ जड पडेल, तेही मान्य. मागं ३४ लावून बघतो. पण १० किलोचं माझं म्हणणं सोडत नाही.

खानापूरकर: ३४-३४ लाही एका फेऱ्याला २.१ मीटर होतात. लावायच्या आधी चेन मोजून घ्या.