अनुभव धागा: नियम बदलले, मग आपली टीम आपली राहिली का? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल)

कोलंबस, ओहायो (धागा काढणारी)

मंडळी, सीझन संपला की आमच्या घरी दरवर्षी एकच वाद निघतो. नवऱ्याचं म्हणणं, बारा टीमचा प्लेऑफ (सीझनअखेरची बाद फेरी) आणल्यापासून एकेका मॅचची धार गेली. माझंही आधी हेच मत होतं. मग २०२४ आलं.

३० नोव्हेंबरला आमच्याच स्टेडियममध्ये मिशिगनने आम्हाला, म्हणजे ओहायो स्टेटला, १३-१० असं हरवलं. सलग चौथ्यांदा. मी वरच्या डेकवर होते, थंडीने बोटं वळत नव्हती. शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसतात, त्यांच्या घरची तिकिटं तीन पिढ्यांपासूनची. मॅच संपली, लोक उठून गेले, ते उठेनात. थर्मासमधला चहा ओतून दिला तर कप दोन्ही हातांत धरून नुसते बसून राहिले.

चार टीमच्या जुन्या नियमात आमचं वर्ष त्या क्षणी संपलं असतं. नव्या नियमात आम्ही आठव्या मानांकनाने आत आलो, टेनेसी, ओरेगन आणि टेक्सासला हरवलं आणि २० जानेवारीला अटलांटात नोटर डेमवर ३४-२३ ने मात करून करंडक घरी आणला. त्यातल्या ओरेगनचा किस्सा तर नियमांचाच आहे. ऑक्टोबरात त्यांच्याकडे खेळताना शेवटच्या दहा सेकंदांत त्यांचे अकराऐवजी बारा गडी मैदानात होते. दंड फक्त पाच यार्डांचा, पण त्यात आमची चार सेकंदं गेली, आणि आम्ही ३२-३१ असे हरलो. त्याच आठवड्यात खुलासा निघाला की असं झालं तर घड्याळ मागे घेता येईल. एका मॅचने नियम हलला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

करंडकाचा आनंद झाला, खूप झाला. पण मिशिगनकडून हरलं तरी चालतं, हे मला अजून पटवून घेता येत नाही.

तुमच्या टीमचं काय? नियम कोणता, मॅच कोणती, तुम्ही कुठे होतात, ते लिहा.

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया

ताई, माझा नियम ओव्हरटाइमचा. २३ ऑक्टोबर २०२१. मी एमएसला येऊन दोन महिने झाले होते. आम्ही, म्हणजे पेन स्टेट, देशात सातवे, समोर इलिनॉय, त्यांना मानांकनही नव्हतं. चार क्वार्टर संपले तेव्हा १०-१०.

त्याच वर्षापासून तिसऱ्या ओव्हरटाइमपासून नियम असा झाला की मैदानभर खेळायचंच नाही. बॉल गोलरेषेपासून तीन यार्डांवर ठेवायचा, प्रत्येकी एक झटका, जमला तर दोन गुण. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत कुणालाच जमलं नाही. दहा प्रयत्न, दहाही फुकट. नवव्यात त्यांना जमलं आणि आम्ही १८-२० असे हरलो. लाखाच्या स्टेडियममध्ये माझ्या मागच्या बाईंच्या पिशवीची चेन ओढल्याचा आवाज मला ऐकू आला.

२००७ ला डर्बनमध्ये आपण पाकिस्तानला बॉल-आउटवर हरवलं तेव्हा मी शाळेत होतो, फटाके वाजवले होते. ते क्रिकेट नव्हतं हे मला त्या दिवशी स्टेट कॉलेजला कळलं. तीन तास एका खेळाचे आणि निकाल दुसऱ्याच खेळाचा. हा नियम मला मान्य नाही.

कॉलेज स्टेशन, टेक्सास

दादा, हा नियम ज्या मॅचमुळे आला, ती मी पाहिली आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. २४ नोव्हेंबर २०१८, आमचं टेक्सास ए अँड एम, समोर एलएसयू (लुईझियाना स्टेट). सात ओव्हरटाइम, ७४-७२, आम्ही जिंकलो. जवळपास पाच तास. आमच्याकडे विद्यार्थी मॅचभर बसत नाहीत, बारावा गडी म्हणून उभेच राहतात. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले होते, पण मी नुसती उभी होते. खाली मैदानात तीनशे पौंडांची पोरं प्रत्येक डावानंतर गुडघ्यांवर हात ठेवून ओणवी व्हायची, आणि शेवटी शेवटी तर शिट्टी वाजली तरी सरळ होत नव्हती.

ती मॅच मला जन्मभर पुरेल. पण कुणाच्या पोराला पुन्हा तसं खेळायला लावू नये, असंच वाटतं.

ब्लूमिंगटन, इंडियाना

मी २०१४ पासून इथे आहे. पहिल्या वर्षी शेजाऱ्याने दोन तिकिटं फुकट दिली, 'रिकामी जाण्यापेक्षा तुम्ही जा' म्हणाला. हाफटाइमला विद्यार्थ्यांचा कोपरा अर्धा रिकामा झाला. बास्केटबॉलच्या गावात फुटबॉल म्हणजे गाड्यांच्या डिक्या उघडून खाण्यापिण्याचं निमित्त. आमच्या इंडियाना युनिव्हर्सिटीची तोवर बिग टेन या परिषदेची (आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची) १९४५ आणि १९६७ एवढी दोनच विजेतेपदं. २०२३ ला ३-९, म्हणजे तीन विजय, नऊ पराभव.

त्याच वर्षअखेर प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले आणि त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन कॉलेजातून त्यांच्यामागोमाग डझनभर खेळाडू आले. हे शक्य झालं ते ट्रान्सफरच्या नियमामुळे. पूर्वी कॉलेज बदललं की वर्षभर बसून राहावं लागायचं. २०२१ पासून एकदा बदललं तर लगेच खेळता येतं, २०२४ पासून कितीदाही. २०२४ ला आम्ही ११-२. आणि २०२५ चं वर्ष तर मला अजून झोपेत आठवतं. बर्कलीहून आलेला फर्नांडो मेंडोझा, ऑक्टोबरात ओरेगनला त्यांच्या घरी ३०-२०, पेन स्टेटमध्ये शेवटच्या मिनिटात गोलरेषेच्या मागच्या कडेला ओमार कूपरने एका पायाची बोटं आत टेकवून घेतलेला तो कॅच. मी दिवाणखान्यात गुडघ्यांवर बसलो होतो, मुलगी टीव्हीला हात लावून उभी होती.

मायामीविरुद्धच्या फायनलमध्ये चौथ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नात) मेंडोझा स्वतः बॉल घेऊन धडका खात आत घुसला. २७-२१. सोळापैकी सोळा. रात्री किर्कवूड अव्हेन्यूवर मुलीला खांद्यावर घेतलं होतं, हाडं गोठवणारी थंडी, आणि अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. तो फुकट तिकिटं देणारा शेजारीही भेटला. तो रडत होता.

ट्रान्सफर पोर्टलने (कॉलेज बदलायच्या या सोयीने) खेळ बिघडवला असं इथे कुणी लिहील. लिहा. पण शंभर वर्षं मोठी कॉलेजं मोठीच राहिली आणि आमच्यासारखी तळाशीच, तेव्हा तो खेळ कुणासाठी बरा होता, तेही लिहा.

वेस्ट लाफिएट, इंडियाना

मी पर्ड्यूची. वरचे दादा आमचे जुने प्रतिस्पर्धी, तरी मनापासून अभिनंदन. आमचं सांगायचं तर २०२४ ला १-११, नोटर डेमकडून ७-६६ आणि ब्लूमिंगटनला ०-६६. त्या ०-६६ ला मी दोन मैत्रिणींसोबत शेवटपर्यंत बसले होते.

नियम सगळ्यांना सारखाच आहे. पण दरवर्षी नवी पोरं येतात, पाठीवरचं नाव पाठ होईतो निघून जातात. २०१८ च्या ऑक्टोबरात देशात दुसऱ्या असलेल्या ओहायो स्टेटला आम्ही ४९-२० हरवलं, त्या टीममधली नावं मला आजही एका दमात सांगता येतात. गेल्या वर्षीची चार येतील.

टेंपी, ॲरिझोना

टार्गेटिंगवर कुणीच कसं लिहिलं नाही? कुणी हेल्मेटच्या शेंड्याने, किंवा स्वतःला वाचवू न शकणाऱ्या समोरच्याच्या डोक्या-मानेवर, जोरात धडक दिली की तो मैदानाबाहेर. २०१३ पासून हा नियम आहे आणि तो असायलाच हवा. माझी बायको मेंदूच्या दुखापतींच्या रुग्णांना पुन्हा चालायला-बोलायला शिकवते. तिने घरी सांगितलेलं ऐकल्यावर या नियमाविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही.

म्हणूनच १ जानेवारी २०२५ जास्त लागतं. बिग १२ परिषदेत आम्हाला, म्हणजे ॲरिझोना स्टेटला, सीझनआधी सोळापैकी सोळावं धरलं होतं, आम्ही ती जिंकून प्लेऑफला आलो. प्लेऑफच्या पीच बोल या मॅचमध्ये टेक्साससमोर १६ गुणांनी मागे असताना आमच्या कॅम स्कॅटबोने टीमला ओढून २४-२४ वर आणलं. साधारण एक मिनिट उरलं असताना आमच्या खेळाडूला डोक्याशी धडक बसली. पंचांनी रिप्ले पाहिला आणि टार्गेटिंग नाही म्हणाले. बायको सोफ्यावरून उठली, स्क्रीनजवळ गेली, आणि एवढंच म्हणाली, "त्याची मान बघ." पहिल्या ओव्हरटाइममध्ये टेक्सासने चौथ्या डाउनला तेरा यार्ड हवे असताना टचडाउन केला, म्हणजे बॉल थेट गोलरेषेपार नेला. शेवटी ३१-३९.

नियम काढू नका. पण धडक म्हणजे नेमकं काय, हे दर शनिवारी बदलता कामा नये.

पिस्कॅटवे, न्यू जर्सी

माझे बाबा सांगलीकडचे, मातीवर कबड्डी खेळलेले. २०२३ च्या सप्टेंबरात आमच्याकडे आले होते, त्यांना इथल्या रटगर्स कॉलेजच्या मॅचला नेलं. त्याच वर्षी घड्याळाचा नियम बदलला होता. फर्स्ट डाउन मिळाला (दहा यार्ड पार करून नवे चार प्रयत्न मिळाले) की १९६८ पासून घड्याळ थांबायचं, ते आता फक्त हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. मी तक्रार करत होतो की मॅच कापली. बाबांनी मला विचारलं, चढाईला तीस सेकंद झाली तेव्हा तू रडला होतास का?

मग मी त्यांना सांगितलं की पहिली कॉलेज मॅच इथून जवळच न्यू ब्रन्सविकला झाली, ६ नोव्हेंबर १८६९, रटगर्स ६, प्रिन्स्टन ४. एका बाजूला पंचवीस गडी, आणि बॉल हातात घेऊन पळायचं नाही. बाबा थांबले. "पळायचंच नाही?" नाही. पुढे फेकायची परवानगीसुद्धा १९०६ ची, आधीच्या सीझनमध्ये मैदानावर पोरं दगावल्यावर आणि अध्यक्ष रूझवेल्टनी कॉलेजवाल्यांना बोलावून घेतल्यावर. बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि तिसऱ्या क्वार्टरभर फक्त क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास फेकणाऱ्याकडे, पाहत राहिले. प्रत्येक पासला माझ्या मांडीवर थाप.

पुलमन, वॉशिंग्टन

ब्लूमिंगटनच्या दादांना उत्तर देतो, रागाने नाही. मी गव्हाच्या वाणांवर पीएचडी करायला २०१९ ला इथे आलो. गाव टेकड्यांत, चारी बाजूंना गहू, स्टेडियम जेमतेम तेहतीस हजारांचं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात आमची परिषद फुटली. टीव्हीच्या पैशांमागे, आधीची-नंतरची धरून, दहा कॉलेजं निघून गेली, उरलो आम्ही (वॉशिंग्टन स्टेट) आणि ओरेगन स्टेट. शंभर वर्षांहून जुनी पॅक-१२ दोघांची झाली. प्रयोगशाळेत आम्ही फोनवर बातम्या वाचत होतो, आणि तीस वर्षं इथे काम केलेले आमचे तंत्रज्ञ काका काही न बोलता शेतावरच्या नोंदींची वही घेऊन बाहेर गेले.

त्यानंतर ट्रान्सफर. आम्ही घडवलेला कॅम वॉर्ड मायामीला गेला, पुढच्या वर्षी जॉन मॅटीर ओक्लाहोमाला, प्रशिक्षकही गेले. तुमचा मेंडोझा असाच कुणाचा तरी होता, दादा. तुम्ही जिंकलात त्याचा मला आनंद आहे, बर्कलीच्या माणसाला त्या रात्री कसं वाटलं असेल, तेही मला ठाऊक आहे. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम खेळाडू निवडतात तेव्हा) पहिलं नाव वॉर्डचं पुकारलं तेव्हा काकांनी मला मेसेज केला: आपला मुलगा.

पैशांबद्दल मात्र मी खेळाडूंच्या बाजूने आहे. मी शिकवायचो त्या वर्गात टीममधले दोघे होते, सकाळी सहाचा व्यायाम करून यायचे आणि ओल्या केसांनी पहिल्या बाकावर बसायचे. २०२१ पासून स्वतःच्या नावावर कमवता येतं, २०२५ पासून कॉलेजही देऊ शकतं. त्यांच्या घामाचे पैसे त्यांना मिळायलाच हवे होते.

१४ सप्टेंबर २०२४ ला सिएटलमध्ये ॲपल कप, म्हणजे आमची राज्यातली जुनी लढत, झाली. आम्हाला मागे टाकून गेलेली वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी समोर. आम्ही २४-१९ पुढे, मॅच संपत आलेली, ते आमच्या गोलरेषेला टेकलेले, चौथा डाउन. काका आणि मी शेजारी उभे होतो. त्यांचा गडी बॉल घेऊन कडेला वळला, आमच्या पोरांनी त्याला तिथेच आडवं केलं. काकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा तुटला.

२०२६ पासून नवी पॅक-१२ सुरू होतेय, बॉयसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट अशी मंडळी घेऊन. काकांनी आमची दोघांची सीझन तिकिटं काढून ठेवली आहेत.